वाचक विचारतात: मॅरेथॉन, पायांची आणि चाकांची

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन टीव्हीवर दिसली की आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. या खेपेला व्हीलचेअर शर्यतीबद्दल बरंच विचारलं गेलं, म्हणून जागाही तिलाच जास्त दिली आहे.

माझा धाकटा भाऊ विहिरीचं काम करताना पडला, तेव्हापासून कंबरेखाली लुळा आहे. सरकारी योजनेतली हाताने पायडल फिरवायची तीनचाकी तो रोज दहा-बारा किलोमीटर चालवतो. या गाडीवर त्याला मॅरेथॉनच्या व्हीलचेअर शर्यतीत उतरता येईल का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

४२.१९५ किलोमीटरच्या व्हीलचेअर शर्यतीत या गाडीला प्रवेश नाही. त्या शर्यतीत चेन, गिअर, दांडा असं काहीच चालत नाही. मागच्या दोन मोठ्या चाकांना लावलेल्या कड्यावर हाताने जोर द्यायचा, तेवढ्यानेच गाडी पुढे गेली पाहिजे. चेनवर चालणाऱ्या हातसायकलीची शर्यत वेगळी असते आणि ती पॅरा-सायकलिंगमध्ये मोडते. न्यूयॉर्कसारख्या काही मॅरेथॉनमध्ये हातसायकलींचा स्वतंत्र गट असतो. पण त्या हातसायकली जमिनीला टेकल्यासारख्या बुटक्या असतात आणि त्यांना पुष्कळ गिअर असतात. तुमच्या भावाची तीनचाकी बाजारहाटाची गाडी आहे. तिचं वजन आणि उंची पाहता ती वेगात वळवणं धोक्याचं आहे.

मुंबईचं चित्र वेगळं आहे. तिथे पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉन, १० किलोमीटर, ड्रीम रन, ज्येष्ठ नागरिकांची शर्यत यांच्या जोडीला ‘चॅम्पियन्स विथ डिसॅबिलिटी’ नावाची छोट्या अंतराची शर्यत असते. तिच्यात भर सहभागावर असतो. कोणती गाडी चालेल हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून आयोजकांना लेखी विचारा. पूर्ण अंतराची व्हीलचेअर शर्यत पाहायची तर बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, टोकियो आणि जपानातलंच ओइता ही नावं घ्यावी लागतात. बोस्टनमध्ये १९७५ साली व्हीलचेअरवरच्या बॉब हॉलला आयोजकांनी सांगितलं, तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ. तो २ तास ५८ मिनिटांत आला, आणि तिथून या शर्यतीला अधिकृत मान्यता मिळत गेली. ओइताची शर्यत १९८१ पासून केवळ व्हीलचेअरसाठीच भरते.

भावाला खरंच खेळायचं असेल तर क्रम असा. जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, कारण पुढचे बहुतेक अर्ज त्यावर चालतात. मग राज्याच्या पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धांची माहिती मिळवा. तिथे वर्गीकरण होतं. व्हीलचेअर धावकांचे गट टी-५१ ते टी-५४ असे आहेत. पहिल्या दोन गटांत हातांवरही परिणाम झालेला असतो. हात शाबूत पण पोट-पाठीचे स्नायू नीट काम करत नसतील तर टी-५३, धड सावरता येत असेल तर टी-५४. मणक्याची दुखापत कोणत्या पातळीची आहे ते सांगणारे एमआरआयचे कागद जपून ठेवा, वर्गीकरणाच्या वेळी ते मागतात.

तीनचाकीमुळे दम वाढला असेल, ते कामी येईल. पण पायडलला हात ओढतोही आणि ढकलतोही. कड्यावर नुसतं ढकलणं असतं. त्यामुळे छाती आणि खांद्याचा पुढचा भाग आखडतो, मागचा कमजोर राहतो आणि खांदा दुखू लागतो. साध्या व्हीलचेअरवर सराव सुरू करा आणि आठवड्यातून तीन दिवस पाठीकडे ओढायचे व्यायाम द्या. दाराच्या कडीला सायकलची जुनी ट्यूब बांधून ओढली तरी चालतं. सरावानंतर रोज आरशात किंवा घरच्या माणसाकडून बैठकीची कातडी तपासून घ्या. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत त्यावर बसायचं नाही. अशा जखमेने, म्हणजे शय्याव्रणाने, खेळ मोडलेली माणसं खांद्याने मोडलेल्यांपेक्षा कमी नसतील.

शहरातल्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरवाले सर्वांच्या आधी का सोडतात? दयेपोटी?
— शिक्षिका, आमगाव, जि. गोंदिया

दयेचा काही संबंध नाही. ते जास्त जोरात जातात म्हणून. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ मध्ये ओइताला पूर्ण अंतर १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत कापलं, म्हणजे तासाला साडेबत्तीस किलोमीटर. केनियाचा केल्विन किप्टम २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांत धावला, त्याचा वेग तासाला २१ किलोमीटर पडतो. चेअर उतारावर ५० च्या पुढे जाते. ती मागून सोडली तर धावणाऱ्यांच्या पायात घुसेल. लंडन मॅरेथॉनने २०२४ पासून एलिट धावपटू आणि एलिट व्हीलचेअर खेळाडूंना सारखीच बक्षीस रक्कम द्यायला सुरुवात केली. आमच्या मते हेच योग्य. आपल्याकडे मात्र व्हीलचेअर शर्यत अजून ‘उपक्रम’ म्हणून होते. हार घालतात, फोटो काढतात आणि वेळ कुणीच मोजत नाही.

आमच्या शाळेला देणगीत जुनी रेसिंग व्हीलचेअर मिळाली. विद्यार्थी म्हणतो ती डावीकडे ओढते आणि जड चालते. गावात हे कुणाला कळत नाही. काय तपासायचं?
— क्रीडाशिक्षक, अचलपूर, जि. अमरावती

डावीकडे ओढणं बहुधा बिघाड नसतो. आपले डांबरी रस्ते पाणी निघावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालवलं की लांब पुढे असलेलं चाक उताराकडे वळणारच. त्यासाठीच या चेअरला कॉम्पेन्सेटर असतो. पुढच्या फोर्कजवळ स्प्रिंगची छोटी नळी आणि तिला एक स्क्रू किंवा खटका दिसेल. तो थोडा फिरवून पुढचं चाक उताराच्या उलट दिशेला किंचित धरून ठेवायचं. आधी शाळेच्या सपाट सिमेंटच्या अंगणात चेअर सरळ जाते का ते बघा. तिथे सरळ जात असेल तर दोष रस्त्याचा.

जड चालण्याचं पहिलं कारण मागच्या चाकांचं अलाइनमेंट. ही चाकं वरून आत झुकलेली असतात, साधारण १० ते १२ अंश, ते बरोबरच आहे. पण वरून पाहिल्यावर ती एकमेकांना समांतर हवीत. आसाच्या उंचीवर दोन्ही रिममधलं अंतर पुढच्या बाजूने मोजा, मग मागच्या बाजूने. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही टायर घासायला पुरतो. चाकं झुकलेली असल्यामुळे आस थोडा जरी फिरला तरी हे माप बिघडतं. पुढच्या चाकाला वेगळ्या जाडीचा टायर घातला, चेअरचं नाक वर-खाली झालं, की आसही फिरतो. देणगीच्या चेअरमध्ये कुणीतरी पुढचं चाक बदललेलं असण्याची शक्यता मोठी. आसाच्या नळीचे बोल्ट सैल करून ती किंचित फिरवायची आणि पुन्हा मोजायचं.

दुसरं कारण हवा. या चाकांना बहुधा रिमला चिकटवलेले ट्युब्युलर टायर असतात आणि त्यांना ८ ते १० बार, म्हणजे ११५ ते १४५ पीएसआय हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो, तो पाळा. पंक्चरच्या दुकानातला पंप तिथवर क्वचित पोहोचतो, शिवाय व्हॉल्व्ह बारीक असल्याने अडॅप्टर लागतो. मीटर असलेला उभा पंप शाळेने घेऊन ठेवावा. ट्युब्युलरचं पंक्चर काढणं म्हणजे शिवण उसवून पुन्हा शिवणं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे, तेव्हा सरावाला साध्या ट्यूब-टायरची चाकं बसवा आणि ट्युब्युलर शर्यतीपुरती ठेवा. जुना टायर चिकटलेला दिसला तरी अंगठ्याने बाजूला लोटून बघा. सरकला तर डिंक मेलाय. वळणावर असा टायर रिममधून निघतो.

मग बैठक. चेअर मापाची नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. विद्यार्थ्याचे कुल्हे बाजूला हलता कामा नयेत. हलत असतील तर दोन्हीकडे घट्ट फोम भरा आणि मांड्यांवरून रुंद पट्टा घ्या. ज्यांना गुडघे दुमडता येतात ते पाय खाली मुडपून गुडघ्यावर बसल्यासारखे बसतात, धड पुढे वाकतं आणि खांदे कड्याच्या वर येतात. हात लोंबकळता सोडल्यावर बोटं कड्याच्या खालच्या भागापर्यंत पोहोचली पाहिजेत.

कडं पकडायचं नसतं, मारायचं असतं. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर एकच्या जागी अंगठ्याच्या बाजूने ठोसा लागतो आणि सहा-सातच्या जागी हात सुटतो. यासाठी कडक हातमोजे लागतात. मुठीला बसतील असे ते प्लास्टिकचे करून घेतात. तोवर जाड चामड्याच्या मोज्यांवर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या बाजूला कापडी टेपचे थर द्या. कड्यावरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून चिकटवा. पावसात मोजा निसटतो, तेव्हा खेळाडू कड्याला राळ लावतात. कडं लहान असेल तर सुरुवात जड जाते पण वेग जास्त मिळतो. नवख्याला मोठं कडं द्या.

हेल्मेट घातल्याशिवाय आणि पुढच्या चाकाचा ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर नको. समृद्धी महामार्गाचा गुळगुळीत पट्टा पाहून मोह होतो, पण तिथे पायी, सायकलने, दुचाकीनेही जायला बंदी आहे. पावसाळ्यात गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून रोलर करून घ्या. दोन बेअरिंगमध्ये फिरणारा सहा-आठ इंची पाइप मागच्या चाकांखाली ठेवायचा आणि पुढचं चाक चौकटीत घट्ट बसवायचं. ते नीट बसवलं नाही तर चेअर पाइपवरून उडी मारते.

पती मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर सराव करतात. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्यांना घाम येत नाही म्हणून ते म्हणतात, मला ऊन लागत नाही. खरं आहे का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उलट आहे, आणि हे जिवावर बेतू शकतं. दुखापतीच्या खालच्या भागात घाम सुटत नाही म्हणून शरीराची उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. घाम दिसला नाही तरी आतलं तापमान चढत असतं. मार्च ते जून सराव सकाळी सातच्या आत संपवा. पाणी प्यायला द्याच, पण अंगावरही मारा. फवारणीची नवी बाटली घ्या, शेतातली औषधाची अजिबात नको. मान, दंड आणि पायांवर दर दहा मिनिटांनी फवारायचं म्हणजे घामाचं काम पाणी करतं. मळमळ, डोकं जड होणं, बोलण्यात गोंधळ दिसला की सराव थांबवून सावली, ओली चादर, वारा आणि लगेच दवाखाना.

आणखी एक. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब झपाट्याने चढल्याची ती खूण असू शकते. ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा. बहुतेकदा भरलेलं मूत्राशय हेच कारण निघतं. लगेच आराम पडला नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आम्ही भरतीचे पोट्टे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारतो. भरती हुकली तर मॅरेथॉन खेळून पैसा मिळतो काय? सहा महिन्यांत होईल काय?
— चार मित्र, ता. मेहकर, जि. बुलढाणा

तुमचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं १४ सेकंद पडतो. मुंबईच्या मार्गावर २०२३ मध्ये इथिओपियाचा हेयले लेमी २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत आला. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं १ सेकंद, आणि असे ४२ किलोमीटर, पेडर रोडच्या चढासकट. हिशोब तुम्हीच करा. बक्षिसावर पोट भरायची गोष्ट सध्या बाजूला ठेवा. भारतीय धावपटूंचं बक्षीस अनेक शर्यतींत वेगळं असतं, तिथवर पोहोचायलाही वर्षं लागतात. पूर्ण मॅरेथॉनला १८ वर्षं पूर्ण हवीत. पहिल्या वर्षी १० किलोमीटर आणि अर्ध मॅरेथॉन करा, पूर्ण नंतर.

भरतीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे रोज जीव खाऊन पळणं. आठवड्यातले चार दिवस इतकं सावकाश धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. एक दिवस वेगाचा, एक लांब पल्ल्याचा, एक सुट्टी. लांब पल्ला १२ किलोमीटरपासून दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा. ३० ते ३२ किलोमीटरच्या पुढे सरावात जायची गरज नाही. शर्यतीत त्याच सुमारास पाय दगड होतात, कारण स्नायूंतली साखर संपत आलेली असते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली तर ते लांबवता येतं. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम आणि गुळाच्या सुपारीएवढ्या खड्यात १० ग्रॅमच्या आसपास असतात. जे शर्यतीत खायचं ते आधी सरावात खाऊन बघा. आदल्या रात्री रोडगे-वांग्याची पार्टी नको, सकाळी तर्री-पोहेही नको. साधा भात, पोळी, केळी.

मुंबईची हवा दमट. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग थंड होतं, तिथे तो नुसता ठिबकतो. पहिले १० किलोमीटर ठरवल्यापेक्षा हळू जा. नुसतं पाणी भसाभस पिऊ नका, रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा. रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावलात तर उतारामुळे एक गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. पांदणीवर माती घट्ट असेल तेव्हा तिथे धावा. काळ्या मातीला भेगा पडल्या की घोटा मुरगळतो, तेव्हा तिचा मोह सोडा.

टीव्हीवर सर्वांत पुढे असलेला धावपटू तीस किलोमीटरला बाजूला होऊन थांबला. हरला का?
— तिरोडा, जि. गोंदिया

तो पेसमेकर. ठरलेल्या वेगाने ठरलेल्या अंतरापर्यंत ओढत न्यायचे त्याला पैसे मिळतात. काम झालं, तो गेला. कधीकधी असा माणूस थांबायचं विसरतो आणि शर्यत जिंकतोसुद्धा, नियमात ते बसतं.

ग्रामपंचायतीतर्फे २६ जानेवारीला १० किलोमीटरची दौड घ्यायची आहे. तालुक्यातल्या दिव्यांगांसाठी व्हीलचेअर शर्यतही ठेवू. काय काळजी घ्यावी?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. कारंजा, जि. वाशिम

अंतर आधी नीट मोजा. मोबाईलचं जीपीएस वळणावर कोपरे कापतं, दुचाकीचं मीटर तर त्याहून ढिलं. मोठ्या शर्यती सायकलच्या पुढच्या चाकाला काउंटर लावून मोजतात. काउंटर नसेल तर ५० मीटरचा पोलादी टेप आणि तीन माणसं. २०० वेळा टेप टाकायचा, एका सकाळचं काम आहे. प्रत्येक टोकाला खडूची खूण करा आणि दोघांनी वेगवेगळ्या वहीत आकडा लिहा, कारण चूक टेपपेक्षा मोजणीत होते. वळणावर धावणारा जो जवळचा मार्ग घेईल तोच मोजा, कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शेवटी किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे १० किलोमीटरला १० मीटर. अंतर कमी भरलं तर मुलांच्या वेळा कुठेच ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.

आता व्हीलचेअर. इथे शहराची नक्कल करू नका. तिकडे चेअर आधी सोडतात कारण त्या रेसिंगच्या असतात. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चेअर दवाखान्यातल्या असतील, त्यांचा वेग तासाला सहा-आठ किलोमीटर. त्या आधी सोडल्या तर दहा मिनिटांत पाचशे धावणारे त्यांच्या अंगावर येतील. म्हणून साध्या व्हीलचेअरची दोन किलोमीटरची शर्यत दौडीच्या आधी पूर्ण संपवा. हाताच्या तीनचाकीची वेगळी शर्यत घ्या, तीन-चार किलोमीटरची. दोन्ही एकत्र करू नका, तीनचाकी चेनवर असल्याने पुढे जाणारच. ढकलायला मदतनीस घेणाऱ्यांचाही गट वेगळा.

रस्ता आदल्या दिवशी बघून भागत नाही, त्याच पहाटे बघायचा. जानेवारीत कापसाच्या ट्रॉल्या आणि तुरीची धसकटं रस्त्यावर असतात, काही ठिकाणी तूर वाळत घातलेली असते. तिच्यावरून चाक घसरतं. गावातले उंच गतिरोधक साध्या चेअरच्या लहान पुढच्या चाकाला अडतात आणि माणूस तोंडावर पडतो. प्रत्येक गतिरोधकाजवळ दोन स्वयंसेवक उभे करा, नाहीतर मार्गच बदला. ग्रामीण रस्ता पावणेचार मीटर रुंद, तिथे मध्येच यू-टर्न देऊ नका. वळायचंच असेल तर शाळेच्या पटांगणातून मोठा फेरा द्या. शेवटची रेषा उतारावर आखू नका, आणि रेषेनंतर निदान ५० मीटर मोकळा सपाट पट्टा ठेवा. टाळ्या वाजवणारे लोक नेमके तिथेच जमतात.

निकाल देताना व्हीलचेअरची वेळ पुढच्या चाकाच्या आसाचा मध्य रेषेवर आला की धरायची, टायरचं टोक किंवा हात नव्हे. दोन स्टॉपवॉच आणि रेषेच्या सरळ बाजूला मोबाईलचा व्हिडिओ ठेवला की भांडण मिटतं. ओव्हरटेक करणाऱ्याने पूर्ण पुढे गेल्यावरच आत यायचं, हा नियम सुरुवातीलाच माईकवर सांगा. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र, आणि एक गाडी जागेवर उभी. १०८ ऐनवेळी बोलावू या भरवशावर राहू नका. चढ-रॅम्प असलेलं स्वच्छतागृह नसेल तर निदान पडद्याची जागा आणि पाणी ठेवा, नाहीतर लोक आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि शर्यतीत कोसळतात.

आणि बक्षीस. धावणाऱ्याला पाच हजार आणि व्हीलचेअरवाल्याला शाल-श्रीफळ, असं करणार असाल तर शर्यत घेऊच नका.

रेसिंग चेअर रेल्वेने मुंबईला न्यायची तर कशी?
— अकोला

विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस थेट सीएसएमटीला उतरवतात आणि मॅरेथॉनही तिथूनच सुटते, तेवढी सोय. मागची चाकं बटण दाबून निघतात. ती वेगळ्या पिशवीत, मध्ये पुठ्ठा घालून ठेवा. पुढचं चाक न काढता दोरीने बांधून घ्या, म्हणजे कॉम्पेन्सेटरवर भार येत नाही. पंप, सुटे टायर, ॲलन चाव्या हातातल्या सामानात. शर्यतीच्या दिवशी पहाटे उतरायचं असं ठरवू नका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच्या दिवसांत एक्स्पोमध्ये (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही. निदान दोन दिवस आधी पोहोचा. चाकं बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा मोजा, प्रवासात ते हललेलं असतंच.